चाक फिरायलंच नाही

"हे चाक फिरायलंच नाही बाई," आप्पा म्हणाले.

मी ओसरीवर लॅपटॉप मांडून बसले होते. दिवाळीची सुट्टी होती, पण वाळूजच्या ऑफिसातलं काम अर्धवट राहिलं होतं म्हणून ते सोबत आणलेलं. स्क्रीनवर ट्रॅक्टरमागं जोडलेलं पेरणी यंत्र चालत होतं. रुंद वरंबा आणि दोन्ही अंगाला सरी पाडणारं, वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी टाकणारं. मी तासाभरापासून लोअर लिंकच्या, म्हणजे यंत्र ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, पिनवर येणाऱ्या बळाचा आलेख बघत होते. खालची रेषा, वरची रेषा, मधेच उठणारं टोक. यंत्राकडं माझं लक्षच नव्हतं.

आप्पा पाठीमागं चहाची बशी हातात घेऊन उभे. "चाक फिरंना तर बी कसं पडंल? सगळा पट्टा कोरडा जाईल की."

त्यांचं बरोबर होतं. या यंत्रात जमिनीवरून फिरणाऱ्या चाकावरूनच साखळी जाते, साखळीवर शाफ्ट फिरतो आणि शाफ्टवरच्या चकत्या मोजून दाणा सोडतात. माझ्या स्क्रीनवर चाक फिरत नव्हतं, आखडलेल्या गाडीच्या चाकासारखं फरफटत चाललं होतं. मॉडेल उघडून बघितलं तर चाक नावाचा भागच शिल्लक नव्हता. सांगाड्यात गेला होता. मीच लिहिलेल्या कमांडनं त्याला सांगाड्यात मिसळून टाकलं होतं आणि सॉफ्टवेअरनं कुठलीही तक्रार न करता ते मान्य केलं होतं.

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं. आमच्या भागातली बरीच मुलं-मुली आता वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला डिझाइनच्या कामाला लागतात. सिम्युलेशनला, म्हणजे यंत्र संगणकावर चालवून बघायला, बसवलं की पहिल्या महिन्यात सगळे इथंच, सुटे भाग एकात एक मिसळण्यात, अडकतात.

आधी काम काय होतं ते सांगते. डिझाइनवाल्यांकडून यंत्राचं कॅड मॉडेल, म्हणजे संगणकावर काढलेलं चित्र, येतं. त्यात प्रत्येक पट्टी, प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर वेगळा काढलेला असतो. त्यांना ते लागतंच; त्याच्यावरूनच खरेदीची यादी बनते. पण तेच मॉडेल मी अ‍ॅडम्समध्ये, म्हणजे यंत्राची हालचाल आणि बळं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणलं की प्रत्येक तुकड्याची एकेक रिजिड बॉडी होते. माझ्याकडं आले तेव्हा २१७ भाग होते. रिजिड बॉडी म्हणजे न वाकणारी, न दबणारी वस्तू. मोकळी सोडली तर तिला सहा हालचाली असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. म्हणजे काहीच न जोडता मॉडेल सुरू केलं तर २१७ तुकडे गुरुत्वाकर्षणानं ढासळून स्क्रीनच्या खाली निघून जातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला धस्स झालं होतं.

मग नवीन माणूस काय करतो? सगळं फिक्स्ड जॉइंटनं, म्हणजे अजिबात न हलणाऱ्या सांध्यानं, जखडून टाकतो. बोल्ट पट्टीला फिक्स, पट्टी चौकोनी पाइपला फिक्स, पाइप दुसऱ्या पाइपला फिक्स. चालतं तसं. पण आत काय होतं ते बघा. दोन पट्ट्या चार बोल्टांनी आवळलेल्या आहेत असं धरा. सहा वस्तू, प्रत्येकीला सहा, म्हणजे ३६ हालचाली. प्रत्येक बोल्ट दोन्ही पट्ट्यांना फिक्स केला तर आठ जॉइंट, आणि प्रत्येक जॉइंट सहा बंधनं घालतो, म्हणजे ४८. छत्तिसातून अठ्ठेचाळीस वजा केले की उणे १२. प्रत्यक्षात तो सगळा जुडगा एकसंध वस्तूसारखा हलतो, म्हणजे त्याला सहाच हालचाली हव्यात. फरक १८ चा. ही अठरा बंधनं फालतू आहेत. सॉफ्टवेअर इशारा देतं, त्यातली काही बंधनं आपल्या मनानं गाळतं आणि गणित पुढं नेतं. हालचाल बरोबर येते. पण कुठल्या बोल्टवर किती बळ आलं हे विचारायला गेलात तर एका बोल्टवर सगळा भार दिसतो आणि शेजारच्यावर शून्य. मी असा आकडा एकदा खरा मानून डिझाइनवाल्यांना कळवला होता. तो मेल परत घेताना किती वाईट वाटलं ते अजून आठवतं.

वाड्याच्या दारालाही हे लागू आहे. दाराला दोन बिजागऱ्या असतात, पण कागदावर एकच पुरते. एक बिजागरी पाच बंधनं घालते, दोन मिळून दहा, आणि दाराला मुळात सहाच हालचाली. सुतार दुसरी बिजागरी बसवतो कारण दार लाकडाचं आहे, ते लोंबतं. रिजिड बॉडी लोंबत नाही.

म्हणून जे एकमेकांच्या तुलनेत हलतच नाही ते जोडत बसायचं नाही, एकच करून टाकायचं. मर्ज.

माझे आबा गावचे सुतार होते. गाड्या, तिफणी, वखर, दाराच्या चौकटी, सगळं लिंबाखाली बसून करायचे. गाडीचं चाक करताना मी लहानपणी बघितलंय. मधे तुंबा, तुंब्यात ठोकलेले बारा आरे, आऱ्यांच्या टोकांवर गोलाईचे सहा लाकडी तुकडे. हे सगळं बाभळीचं, वाकसानं तासून काढलेलं. ठोकून बसवलं तरी त्या चाकाला हात लावला की करकरायचं. मग धाव चढवायचा दिवस यायचा. लोहारानं केलेली लोखंडी धाव, मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी तोकडी. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची. लोखंड तापलं की वाढतं. चार मीटर घेराची धाव नुसती चारशे अंशांनी तापली तरी घेर साधारण १९ मिलिमीटरनं वाढतो. चिमट्यांनी दोघा-तिघांनी उचलून ती चाकावर घालायची, लाकूड जळायला लागायचं, धूर व्हायचा, आणि लगेच घागरीनं पाणी. चर्र आवाज. धाव आकसायची आणि आतले सगळे सांधे कडकड करत आवळत जायचे. आबा चाक उभं करायचे आणि हातोडीनं एकेक आरा वाजवून बघायचे. सगळीकडून एकसारखा आवाज आला की काम झालं. वीस तुकडे होते, त्यांचं एक चाक झालं.

ऑफिसात नवीन आलेल्याला मर्ज समजावताना मी हीच गोष्ट सांगते. धाव चढायच्या आधी आरा वेगळा होता, त्याला नाव होतं, तो हातात घेता येत होता. धाव चढल्यावर त्याची वेगळी हालचाल संपली. वजन मात्र संपलं नाही. प्रत्येक आऱ्याचं वजन चाकात आलं, आणि तो आसापासून किती लांब आहे त्यावर चाक फिरवायला किती जड जाईल हेही ठरलं. मर्ज केलेल्या वस्तूचं वस्तुमान म्हणजे सगळ्यांची बेरीज. गुरुत्वमध्य म्हणजे वजनाप्रमाणे काढलेली सरासरी जागा. जडत्वाघूर्ण, म्हणजे फिरवायला किती जड जाईल तो आकडा, मात्र नुसत्या बेरजेनं येत नाही. प्रत्येक तुकड्याचं स्वतःचं, अधिक त्याचं वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग, असं धरावं लागतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला समांतर अक्षाचं प्रमेय म्हणून हे शिकवतात आणि परीक्षेनंतर सगळे विसरतात. ६ किलोची पेटी मध्यापासून ०.८ मीटरवर असेल तर ती एकटी जवळजवळ ३.८४ किलोग्रॅम-मीटर वर्ग भर घालते. यंत्र बांधावर उचलून वळवताना ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला जो झोला बसतो, त्यात हा आकडा असतो.

आता कमांडकडं येते.

माऊसनंही मर्ज करता येतं. मेन्यूत जायचं, पहिला भाग निवडायचा, दुसरा निवडायचा, ओके. माझ्या हिशेबानं २१७ भागांचे शेवटी १४ व्हायला हवे होते, म्हणजे २०३ वेळा मर्ज. एकाला अर्धं मिनिट धरलं तरी दीड तासाहून जास्त. तेही एकदा झालं तर झालं. पण डिझाइन बदलतं. कुणीतरी पाइपची जाडी वाढवतं, नवीन कॅड येतं आणि ते २१७ भाग पुन्हा सुटे होऊन समोर बसतात. या यंत्राचं कॅड मला पाच वेळा आलं.

कमांड कुठून शिकावी असं मुलं विचारतात. माझं उत्तर एकच: एकदा माऊसनं करा आणि मग ज्या फोल्डरमध्ये काम चाललंय तिथली एव्ह्यू.लॉग नावाची फाइल उघडा. तुम्ही केलेली प्रत्येक गोष्ट तिथं कमांडच्या रूपात उतरलेली असते. मी इथं देवनागरीत लिहिते, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं:

पार्ट मर्ज रिजिड_बॉडी पार्ट_नेम = .पेरणी.फ्रेम_बोल्ट_१४ इन्टू_पार्ट = .पेरणी.सांगाडा

पहिलं नाव जो विरघळणार त्याचं, दुसरं ज्याच्यात विरघळणार त्याचं. पहिल्या भागाचा आकार दुसऱ्याकडं जातो आणि पहिलं नाव मॉडेलमधून पुसलं जातं. नावं उलटी टाकली तर सांगाडा बोल्टात जातो. गणिताला फरक पडत नाही, पण पुढं "फ्रेम_बोल्ट_१४" या नावाचा दोन मीटरचा सांगाडा घेऊन फिरावं लागतं आणि सांगाड्याचं नाव घेणारी पुढची प्रत्येक ओळ अडते.

मग लूप लावायचा, म्हणजे तीच कमांड आपोआप पुन्हा पुन्हा चालते. ज्यांची नावं "फ्रेम_" नं सुरू होतात ते सगळे एकामागून एक सांगाड्यात:

फॉर व्हेरिएबल_नेम = तुकडा ऑब्जेक्ट_नेम्स = .पेरणी.फ्रेम_* टाइप = पार्ट
पार्ट मर्ज रिजिड_बॉडी पार्ट_नेम = (इव्हॅल(तुकडा)) इन्टू_पार्ट = .पेरणी.सांगाडा
एंड

तीन ओळी. ज्यात मिसळायचं त्याचं नाव मुद्दाम वेगळं, "सांगाडा", ठेवलंय, नाहीतर ताऱ्याच्या चिन्हात (त्याचा अर्थ, पुढं काहीही असलं तरी चालेल) तोही सापडतो आणि स्वतःलाच स्वतःत मिसळायची वेळ येते.

आणि त्या ताऱ्यानंच माझं चाक गिळलं होतं. डिझाइनच्या मुलानं चाकाला "फ्रेम_व्हील" नाव दिलं होतं, कारण त्याच्या यादीत चाक फ्रेमच्या असेंब्लीखाली येतं. त्याच्या बाजूनं चूक काहीच नाही. मी यादी न वाचता तारा लावला. आता मी लूपच्या आधी यादी काढते आणि कागदावर पेन्सिलीनं खुणा करते: हा हलतो, हा हलत नाही, हा हलत नाही पण मला वेगळा हवा.

हा तिसरा गट महत्त्वाचा, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. टॉप लिंक, म्हणजे वरचा दांडा, आणि दोन लोअर लिंक जिथं सांगाड्याला येऊन मिळतात तिथले तीन ब्रॅकेट वेल्डिंगनं पक्के आहेत. ते तसूभरही हलत नाहीत. मर्ज करून टाकले तर हालचालीत काही फरक पडणार नाही. पण ढेकळावरून जाताना त्या वेल्डिंगवर किती बळ येतं हेच तर मला शोधायचं होतं. मर्ज केलं की तिथला सांधाच नाहीसा होतो, मग बळ विचारायचं कुणाला? म्हणून ते तीन वेगळे ठेवले आणि प्रत्येकाला एकच फिक्स्ड जॉइंट दिला. एकच असला की फालतू बंधनांचा प्रश्न येत नाही आणि आकडा विश्वासानं वाचता येतो. असे १४ झाले: सांगाडा, दोन चाकं, शाफ्ट, स्प्रिंगवर वरखाली होणारे चार फण, टॉप लिंक, दोन लोअर लिंक आणि हे तीन ब्रॅकेट.

सांगाडा स्वतः आतून किती वाकेल, त्याच्या पाइपात ताण कुठं येईल, हे मात्र या मॉडेलला विचारू नका. रिजिड म्हटलं की ते सोडून दिलं. त्याला फायनाइट एलिमेंटचं, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे पाडून ताण मोजायचं, वेगळं काम आहे आणि हे मॉडेल त्याला बळाचे आकडे पुरवतं.

मर्जच्या आधी एक साफसफाई लागते. दोन भागांमध्ये आधीच फिक्स्ड जॉइंट असेल तर तो काढून टाका. नाहीतर मर्जनंतर जॉइंटची दोन्ही टोकं एकाच भागावर येतात, आणि स्वतःलाच स्वतःशी बांधलेला सांधा चालत नाही.

वजनाची गोष्ट मला सगळ्यात महाग पडली. बियाणं आणि खताच्या चार पेट्या आहेत, प्लास्टिकच्या, सगळ्या मिळून ६ किलो. त्या सांगाड्याला बोल्टनं पक्क्या, म्हणजे मर्जच्या यादीत. मर्ज केलं, मॉडेल चाललं, आकडे आले. कारखान्यात काट्यावर ठेवलेलं नमुना यंत्र २९६ किलोचं होतं. माझं मॉडेल ३३९ दाखवत होतं. ४३ किलो आले कुठून?

दोन दिवस शोधत होते. सांगाड्याचं वस्तुमान मी "आकार आणि मटेरियलवरून काढ" असं ठेवलं होतं. एका भागाला एकच मटेरियल. पेट्या सांगाड्यात गेल्या आणि त्यांचा आकारही स्टीलच्या घनतेनं मोजला गेला. प्लास्टिक घनमीटरला ९५० किलोच्या आसपास, अ‍ॅडम्समधलं स्टील ७८०१. आठ पटीहून जास्त. ६ किलोच्या पेट्या ४९ किलोच्या झाल्या. त्या वरच्या बाजूला असल्यामुळं गुरुत्वमध्यही साधारण ५७ मिलिमीटर वर सरकला होता. यंत्र उचलताना टॉप लिंकवर येणारा ओढा त्यामुळंच जास्त दिसत होता, आणि डिझाइनवाले जाड पिन घालायच्या तयारीत होते.

आता माझा क्रम ठरलेला आहे. मर्जच्या आधी, जे एकत्र येणार त्या सगळ्या भागांचं मिळून वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि जडत्व काढायचं. टूल्समध्ये अ‍ॅग्रिगेट मास नावाची सोय त्यासाठीच आहे. त्यावेळी प्रत्येक तुकड्याला त्याचं स्वतःचं मटेरियल लागलेलं असलं पाहिजे. बाहेरून आणलेला भाग आपोआप स्टीलचा धरला जातो, हे विसरू नका. ते आकडे लिहून ठेवायचे, मर्ज करायचं, आणि मग सांगाड्याला तेच आकडे हातानं द्यायचे. शेवटी पुन्हा अ‍ॅग्रिगेट मास काढून आधीच्याशी ताडून बघायचं. आबा आरे वाजवून बघायचे, तसं.

एकात एक घुसलेल्या आकारांचंही बघावं लागतं. कॅडमध्ये बोल्टसाठी भोक पाडायचं राहून गेलेलं असतं आणि बोल्ट पट्टीच्या आत शिरलेला असतो. नुसत्या मर्जमध्ये तेवढी जागा दोनदा मोजली जाते, कारण दोन्ही आकार आपापले पूर्ण राहतात. युनियन केलं, म्हणजे दोन्ही आकार जोडून एकच केला, तर एकदाच. बारक्या बोल्टाचे असे काही ग्रॅम मी सोडून देते. मोठी पट्टी पाइपात घुसलेली दिसली तर कॅड परत पाठवते.

हे सगळं आता एका कमांड फाइलमध्ये आहे. उद्गारचिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी सॉफ्टवेअर वाचत नाही, त्या माणसासाठी असतात. त्यात मी मराठीत रोमन अक्षरांनी लिहून ठेवते: हे का वगळलं, हे का वेगळं ठेवलं, कुठल्या तारखेच्या कॅडला हे चाललं. माझ्यानंतर या खुर्चीवर जो बसेल त्याला माऊसनं काय काय केलं होतं ते कुणी सांगणार नाही, पण फाइल सांगेल. आबांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. आता आमच्या घरी धाव चढवता येईल असं कुणीच नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं एक चाक आहे, लाकूड वाळून धाव सैल झालीय, आणि आरा धरून हलवला तर तुंब्यात खुळखुळतो.

त्या दिवशी ओसरीवर मी यादीतून "फ्रेम_व्हील" बाहेर काढलं, त्याचं नाव "चाक_डावं" केलं, उजव्याचंही बदललं. आसावर रिव्होल्यूट जॉइंट, म्हणजे नुसता फिरू देणारा सांधा, दिला आणि फाइल पुन्हा चालवली. २१७ तुकडे होते तोवर चहा पिऊन परत यावं इतका वेळ लागायचा, आता मिनिटाच्या आत झालं. आप्पा तिथंच उभे होते. चाक फिरलं, त्याच्याबरोबर शाफ्ट फिरला.

"आता पडंल बी," ते म्हणाले. मग बशी कट्ट्यावर ठेवून खाली बसले, चष्मा वर सरकवला आणि बोट स्क्रीनला टेकवून विचारलं, "आणि ह्या फणाला ढेकूळ लागलं तर? तो एकटाच उचलतो का सगळं औत उचलतं?"

मी मॉडेलच्या जमिनीवर त्या फणाच्या वाटेत एक ढेकूळ ठेवलं आणि परत चालवलं.